अंबिकाबाईंची उजवी बाजू

अंबिका मेनकुदळे अहमदपूर आगारात कंडक्टर आहेत. अहमदपूर–नांदेड ही त्यांची रोजची गाडी, आणि लोह्याच्या बँकेत माझी नोकरी असल्यामुळे ती माझीही रोजची. सात वर्षं मी त्यांना सकाळी सव्वाआठला पास दाखवत आलोय. त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेलं निम्मं त्यांनी स्वतः सांगितलंय, तेही भर गाडीत, मोठ्यानं. त्यामुळे त्यात गुपित असं काही नाही.

बाई वजन उचलायला लागल्या ती गोष्ट आमच्या गाडीतच घडली. माळाकोळीला एका गृहस्थानं हळदीची दोन पोती मधल्या वाटेत टाकली आणि खिडकीशी बसून डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, “भाऊ, पोती मागं घ्या.”

तो डोळे न उघडता म्हणाला, “बाई, साठ-साठ किलोची हायत. उचलणारा उचलंल. तुमी तिकिटाचं बगा.”

बाईंनी तिकिटाचं मशीन गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं, पोत्याचे दोन्ही कान धरले आणि ते थेट मागच्या सीटपर्यंत नेऊन टेकवलं. मग दुसरं. परत येऊन मशीन गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, “उचललं. आता तिकीट काढा. तुमचं एक, अन् लगेजचं एक.”

गाडीनं टाळ्या वाजवल्या. मागच्या सीटवर सत्यम नावाचा तरुण बसला होता. त्याची अहमदपूरला स्टँडजवळ जिम आहे. तो उतरताना म्हणाला, “ताई, वाकलात चुकीच्या, पण ताकद लई हाय. उद्या सकाळी जिमला या.”

बाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या, दोन लेकरांची आई. नवरा अमरेश. त्याची पिठाची गिरणी आहे आणि स्वभाव गिरणीतल्या पिठासारखाच मऊ. तो म्हणाला, “जा की.” सासू लक्ष्मम्मा औरादकडच्या. त्यांच्या मराठीत कानडीचा हेल आहे आणि मतं ठाम आहेत. त्या म्हणाल्या, “लोखंड उचलायला पैसे कामून द्यायचे गं? गिरणीत पोती हायत, ती उचल. फुकट.”

बाई गेल्याच. वर्षभरात त्या पंचाण्णव किलोची दांडी जमिनीवरून मांडीपर्यंत उचलू लागल्या. नांदेडला कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेत दुसऱ्या आल्या. त्यांना कप मिळाला, आणि लक्ष्मम्मांनी त्यात किल्ल्या ठेवायला सुरुवात केली. घरात एवढा मान कुठल्याच भांड्याला नव्हता.

मग तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी आला. त्या दिवशी जिममध्ये कॉलेजची एक पोरगी नवीन आली होती. वय एकोणीस, अंगानं काडी. तिनं शंभर किलो उचललं, खाली ठेवलं आणि मोबाईल बघू लागली.

“एकशे पाच लाव,” त्या सत्यमला म्हणाल्या.

“आज न्हाई ताई. काल डबल ड्यूटी केलीय तुमी. डोळे बगा तुमचे.”

“डोळ्यांनी उचलायचंय का?”

सत्यम प्लेटा लावेना, तर बाईंनी स्वतः लावल्या. दांडी गुडघ्यापर्यंत वर आली आणि थांबली. त्याच क्षणी कमरेच्या खाली उजवीकडे, पाठीला खळी पडते तिथं, काहीतरी सरकलं. “दाराची कडी निसटावी तसं,” बाई सांगतात. आता एखादीनं दांडी टाकून दिली असती. बाईंनी ती हळूच, आवाज न करता खाली ठेवली, कारण पोरगी बघत होती. मग “आज मूड न्हाई” असं म्हणून त्या ताठ चालत बाहेर गेल्या, आणि स्कूटीवर बसताना एवढ्या जोरात ओरडल्या की समोरचा पानवाला धावत आला.

लचक आहे, आठवड्यात जाईल, असं सगळे म्हणाले. आठवडा गेला. उन्हाळा गेला. सोयाबीन पेरून, काढून, विकूनही झालं. कळ तिथंच. पंधरा मिनिटं बसलं की दुखायचं, बसून उठलं की जास्त दुखायचं, आणि गाडीच्या पायरीवर उजवा पाय टेकला की थेट डोक्यात घंटी वाजायची. झोपेत कूस बदलायची तर बेत करावा लागायचा: आधी गुडघे, मग खांदा, मग कंबर, आणि मध्ये अमरेश आला तर त्याला ढकलणं.

नांदेडला फोटो काढले, मोठ्या मशीनमध्येही घालून झालं. रिपोर्ट आला की मणके छान आहेत. गोळ्या घ्या, आराम करा. बाई दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणाल्या, “मणके फर्स्ट क्लास हायत म्हणं. आता मला दुखायचा हक्कच राहिला न्हाई.”

पण आमच्या गाडीत पन्नास माणसं असली तर एकावन्न औषधं असतात. एकावन्नावं ड्रायव्हरचं. ड्रायव्हर शेषेराव म्हणजे तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस. त्यांचा इंजिनाच्या उबेवर विश्वास. “अंबिकाबाई, बॉनेटवर बसा पाच मिनिटं. शेक बसंल.” बाई बसल्या. लोह्यापर्यंत बरं वाटलं, मग साडी तापली म्हणून उठल्या. बिलोलीच्या एका मामांनी हाडवैद्याचं तेल आणून दिलं. त्याच्या वासानं त्या आठवड्यात पुढच्या चार सीट रिकाम्या राहिल्या. धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्यानं मिरचीचा लेप सुचवला. तो मात्र बाईंनी लावला नाही, एवढी अक्कल शाबूत होती.

माझाही त्यात हात आहे, ते लपवत नाही. मी सांगितलं होतं की गादीवर झोपू नका, फळीवर झोपा. घरात फळी नव्हती म्हणून अमरेशनं गिरणीच्या मागच्या खोलीचं दार काढून आणलं. बाई दारावर झोपल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांची शेळी उघड्या खोलीत शिरली आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी पायली ज्वारी खाऊन गेली. कंबर होती तशीच राहिली. शेळी तेवढी सुधारली.

आणि मग साखराबाई.

साखराबाई माळाकोळीच्या. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एसटी फुकट झाली, तेव्हापासून दर मंगळवारी त्यांना नांदेडच्या लेकीची आठवण येते. त्या पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेल्या. पायाळू माणसानं कमरेत लाथ घातली की भरलेली उसण जाते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

“इतके दिवस बोलली कामून न्हाईस?” साखराबाई म्हणाल्या. “गावातल्या निम्म्या कमरा म्या सरळ केल्यात.”

लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबते. गाडीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून, बाई उभ्या राहिल्या. “वाक. अजून वाक. देवाचं नाव घे.” बाईंनी “शिव शिव” म्हटलं आणि लाथ बसली. पंचाहत्तर वर्षांचा पाय, पण सगळी पंचाहत्तर वर्षं शेतात चाललेला. बाई भिंतीवर आदळल्या, कळवळल्या, सरळ झाल्या आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, “अगं बाई! हलकं वाटून राहिलं की!”

नांदेड येईपर्यंत त्या नाचत तिकिटं देत होत्या. दुसऱ्या दिवशी मात्र कालच्यापेक्षा जास्त वाकड्या. तरी पुढच्या मंगळवारी पुन्हा लाथ. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. ज्याचं वर्षभर दुखलंय त्याला दोन तासांचा आरामही सोन्यासारखा असतो, हे तेव्हा मला कळलं.

एका सकाळी अहमदपूर स्टँडवर बाईंचा पाय पायरीवर चढेना. दोनदा उचलला, दोनदा खाली आला. शेषेराव ड्रायव्हरच्या बाजूनं उतरून आले आणि त्यांनी हात पुढं केला. बाई हात धरून चढल्या, मशीन चालू करायच्या निमित्तानं मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत बसलो. त्या दिवशी गाडीत कुणीही औषध सांगितलं नाही.

संध्याकाळी शेषेराव परस्पर गिरणीवर गेले आणि अमरेशला सगळं सांगून आले. अमावस्येशिवाय कधीही बंद न राहणारी गिरणी दुसऱ्या दिवशी बंद राहिली. अमरेश बायकोला घेऊन लातूरला गेला. तिथं ऋतुजा नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिशीच्या आतली, खेळाडूंची दुखणी बघणारी. तिचं नाव त्याला सत्यमनं दिलं होतं.

“दुखतं कुठं?” ऋतुजानं विचारलं. बाईंनी सवयीनं अख्खा पंजा कमरेवर फिरवला. “असं नाही. एका बोटानं दाखवा.” बाईंनी विचार केला आणि उजव्या खळीवर बोट ठेवलं. “आता हात काढा, परत दाखवा.” बोट बरोबर तिथंच पडलं. मग ऋतुजानं पाय वळवून, दाबून, उचलून पाहिला, आणि तीन-चार वेळा बाईंच्या तोंडून शिवाचं नाव आलं.

“पाठीचा कणा जिथं खुब्याच्या हाडांमध्ये बसतो, तिथं दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो,” ऋतुजा म्हणाली. “तो मणक्यात नाहीच, म्हणून रिपोर्ट चांगला आला. तुमचा उजवा सांधा चिडलाय. वजन उचलताना दुखावला आणि वर्षभर कुणी त्याला शांत होऊ दिलं नाही.”

“मंजी खरंच दुखून राहिलं ना?” बाईंनी विचारलं. “मनाचं न्हाई ना?”

“खरंच दुखतंय. आणि बरं होतं.”

हे ऐकून बाई हमसून रडायला लागल्या. अमरेशला वाटलं काहीतरी भयंकर निघालं, म्हणून तोही रडायला लागला. ऋतुजानं दोघांना पाणी दिलं.

मग व्यायाम सांगितले. पाठीवर झोपून कंबर उचलायची. कुशीवर झोपून गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा. हातापायांवर रांगल्यासारखं राहून उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. प्रत्येकी दहा वेळा.

“वजन किती घ्यायचं?”

“वजन नाही.”

“किती दिवस?”

“दिवस नाही, महिने विचारा.”

शंभराच्या आसपास उचलणाऱ्या बाईला स्वतःचा पाय उचलायला सांगणं म्हणजे मोठाच अपमान होता. त्यात दुसऱ्या सकाळी लक्ष्मम्मा दार लोटून आत आल्या तेव्हा सून रांगत्या अवस्थेत एक हात आणि एक पाय हवेत धरून थरथरत होती.

“अय्यो! हे काय?”

“व्यायाम हाय, आत्याबाई.”

“दोन लेकरं रांगून चालायला लागली, अन् तू आता रांगतीस?” लक्ष्मम्मा खाट ओढून समोर बसल्या. “कर. किती झाले? मी मोजते.” त्या कानडीत मोजायच्या आणि सातानंतर गप्पा सुरू झाल्या की आकडा विसरून पुन्हा एकपासून धरायच्या. बाई सांगतात, माझं अर्धं दुखणं सासूच्या मोजण्यानं गेलं. दहा म्हणता म्हणता पंचवीस व्हायचे.

सहा आठवड्यांत फरक पडला. कूस वळता येऊ लागली, पायरी जमू लागली. पण मग गाडं अडलं. बुधवार आला की सगळं मागं जायचं.

“बुधवारीच कसं वाढतं?” ऋतुजानं विचारलं.

बाईंना उत्तर माहीत होतं, पण त्यांनी छताकडं पाहिलं. साखराबाईंचं नाव सांगायची लाज वाटत होती, आणि लाथ सोडवतही नव्हती.

“माझं माहेर नांदेडला आहे,” ऋतुजा म्हणाली. “येत्या मंगळवारी तुमच्याच गाडीनं जाते. तुम्ही काम कसं करता ते बघू तरी द्या.”

तो मंगळवार मी जन्मात विसरणार नाही. ऋतुजा माझ्या शेजारच्या सीटवर बसली आणि बाईंना निरखू लागली. बाई नेहमीसारख्या उभ्या होत्या, उजवा पाय रोवून, उजवी कंबर सीटच्या दांड्यावर टेकवून, डावा पाय नुसता शोभेला. पैशाची पिशवीही उजव्याच खांद्यावर. ऋतुजानं वहीत काहीतरी लिहिलं.

माळाकोळीला साखराबाई चढल्या. बाईंनी त्यांना डोळ्यांनी खूण केली: आज नको. पण साखराबाईंना लांबचं नीट दिसत नाही. त्या सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “डोळे कामून मिचकावून राहिलीस? लोह्याला उतर लवकर. मागल्या मंगळवारी लाथ वरती बसली होती, आज बरोबर घालते.”

ऋतुजानं वही मिटली. “कसली लाथ?”

साखराबाईंनी अभिमानानं सगळं सांगितलं. पायाळूपण, गावातल्या कमरा, आजवरच्या मंगळवारांचा हिशेब. बाई मशीनकडं असं बघत होत्या की जणू त्यातून सुटकेचं तिकीट निघणार आहे.

“आजी, नेमकी कुठं मारता?”

साखराबाईंनी बाईंच्या कमरेवर अंगठा ठेवला. उजवी खळी.

“जागा बरोबर आहे,” ऋतुजा हताश होऊन म्हणाली. “पण आजी, चिडलेल्याला लाथ मारून तो शांत होतो का?”

साखराबाईंनी खरोखर विचार केला. “माझा नवरा व्हायचा,” त्या म्हणाल्या.

शेषेरावांनी गाडी कडेला घेतली, कारण हसू आवरून स्टेअरिंग धरणं त्यांना जमेना. हसणं ओसरल्यावर ऋतुजानं नीट समजावलं. दणका बसला की आवळलेलं अंग तेवढ्यापुरतं सैल होतं, दुखणं दबतं आणि दुसऱ्या दिवशी सांधा आणखी चिडतो. मग बाईंकडं वळून म्हणाली, “आणि तुम्ही आत्ता कुठल्या पायावर उभ्या आहात?”

बाईंनी खाली पाहिलं. जणू ते पाय दुसऱ्याच कुणाचे होते.

“दिवसाचे सात तास सगळा भार उजव्यावर. घरी अर्धा तास व्यायाम करून काय होणार? दोन्ही पायांवर उभ्या राहा. गुडघे जरा सैल. पिशवी खांदा बदलून घ्या. टेकायचंच तर प्रत्येक थांब्याला बाजू बदला.”

“ध्यानातच राहत न्हाई हो,” बाई म्हणाल्या.

“मी हाय की,” साखराबाई म्हणाल्या. “लाथ बंद केली तर मला काहीतरी काम द्या.”

पण साखराबाई मंगळवारच्या. बाकीचे दिवस आम्ही वाटून घेतले. बाई दांड्याला टेकल्या की कुणीतरी ओरडायचं, “बाई, पाय!” आणि त्या दचकून सरळ व्हायच्या. पुढं पुढं अनोळखी प्रवासीही ओरडू लागले. एकदा तिकीट तपासणारे साहेब चढले, आणि त्याच वेळी मागून तीन-चार आवाज आले, “पाय! पाय!” साहेबांना वाटलं आपण कुणाचा तरी पाय तुडवला. त्यांनी अशी उडी मारली की टोपी शेषेरावांच्या मांडीवर पडली. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. उतरताना साहेब हळूच म्हणाले, “लातूरचा पत्ता देता का? माझ्या मिसेसचं पण उजवीकडंच आहे.”

तरीही ते सोपं गेलं असं नाही. दिवाळीच्या गर्दीत एका म्हातारीची पेटी बाईंनी घाईत कंबर वळवून उचलली आणि कळ परत आली. त्या रात्री त्यांनी ऋतुजाला फोन केला. सगळं संपलं, पहिल्यापासून सुरू करावं लागणार, असं म्हणाल्या. ऋतुजा म्हणाली, व्यायाम अर्ध्यावर आणा, चालणं बंद करू नका, चौथ्या दिवशी फोन करा. चौथ्या दिवशी बाईंनी केला.

“आता कसंय?”

“उतरलं.”

“आधी अशी कळ आली की उतरायला किती दिवस लागायचे?”

बाईंनी बोटं मोजली. “महिना.”

“मग बघा.”

आठव्या महिन्यात त्या जिममध्ये परत गेल्या. ऋतुजानं सांगितल्याप्रमाणं आधी पाठीला काठी लावून वाकायला शिकल्या: डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला चिकटलेली, ढुंगण मागं. मग नुसती दांडी, वीस किलो. ती काडीसारखी पोरगी शेजारी एकशे पंधरा उचलत होती. “तिचं मला काहीच वाटलं न्हाई,” बाई मला म्हणाल्या. “भ्या वाटलं ते गुडघ्याचं. तिथं दांडी आली की हात घामानं ओले. तीनदा खाली ठेवली. चौथ्या बारीला डोळे उघडे ठेवले अन् सरळ उभी राहिले. वीस किलो, सर! घरातली गॅसची टाकी ह्याच्याहून जड असते. अन् मी सत्यमच्या गळ्यात पडून रडले.” सत्यमही रडला म्हणे. त्याला तेव्हापासून वाटत होतं की त्या दिवशी आपण प्लेटा काढून फेकायला पाहिजे होत्या.

पुढं दर पंधरवड्याला अडीच किलो. त्याहून जास्त नाही. बाईंना घाई झाली की ऋतुजा फोनवर एकच विचारायची, “गाडी लोह्यातच बंद पाडायची का नांदेडपर्यंत न्यायची?” बाई जास्तीची प्लेट काढून ठेवायच्या.

ह्या फेब्रुवारीत नांदेडला पुन्हा स्पर्धा झाली. बाईंनी घरी कुणाला येऊ नका म्हणून सांगितलं, म्हणून सगळे आले. मीही रजा टाकून गेलो. पहिल्या खेपेला सत्तर किलो, दुसऱ्या खेपेला साडेसत्याहत्तर. तिसरी खेप उरली होती. सत्यमनं कागदावर गणित केलं आणि कानाशी लागला, “ताई, पंचाण्णव उचललं तर तिसरा नंबर येतो. आधी उचललंय तुमी.”

बाई पाणी प्याल्या. दांडीकडं बघितलं. प्रेक्षकांत बसलेल्या ऋतुजाकडं मुद्दाम बघितलं नाही. त्यांनी आपल्याच उजव्या खळीवर अंगठा ठेवला, जणू तिला विचारत होत्या.

“पंच्याऐंशी लाव,” त्या म्हणाल्या.

पंच्याऐंशी उचललं. स्वच्छ, सरळ, मध्ये कुठंही न अडखळता. वर उभ्या राहिल्यावर त्यांनी दांडी एक क्षण जास्तच धरली. पंचांनी हात खाली केला तरी त्या सोडेनात. मग आवाज न करता खाली ठेवली.

निकालानंतर लक्ष्मम्मा वाट काढत पुढं आल्या. त्यांना गर्दीत काही दिसलं नव्हतं, फक्त ऐकू आलं होतं.

“पहिली आली का गं?”

“चौथी, आत्याबाई.”

“किती जणींत?”

“पाच.”

लक्ष्मम्मांनी हिशेब केला. “मंजी एकीला पाडलंस. हाव, झालं की. चल, भूक लागली. अमरेशा, ती बॅग तू घे. नीट वाकून घे.”